एकटं झाड तयार करण्याची योजना

मुलांनो, एका जंगलात सिंहाची जागा रिकामी होती. कोणतं जंगल ते विचारू नका. नकाशाच्या वहीत ते नेमकं शिवणीत गेलं आहे.

खरं म्हणजे सह्याद्रीत सिंह नसतातच. पण गोष्टीतल्या जंगलाला सिंह लागतो, असा नियम आहे. म्हणून तिथल्या तुळाजीराव नावाच्या बिबट्याला 'प्रभारी सिंह' नेमलं होतं. अकरा वर्षं झाली तरी तो प्रभारीच होता. ठिपके दिसू नयेत म्हणून तो सभेत उपरणं पांघरून बसायचा. झाडावर चढणं सिंहाला शोभत नाही म्हणून त्याने चढणं सोडलं होतं. डरकाळी फोडण्याआधी तो बराच वेळ घसा खाकरायचा. तरी बाहेर यायचा तो आवाज लाकडावर करवत चालवल्यासारखाच.

तुळाजीरावाला एकच ध्यास होता. कायम व्हायचं.

"त्यासाठी आपल्या नावावर एखादं मोठं काम हवं, महाराज," असं त्याचा चिटणीस केरोपंत रोज सांगायचा. केरोपंत साळिंदर होता. त्याला चिटणीस नेमण्याचं कारण सोपं होतं. लेखण्या त्याच्या अंगावरच होत्या. अर्ज आला की तो पाठीवरचा एक काटा उपटायचा, जांभळाच्या रसात बुडवायचा आणि लिहायचा. कामाचा फार ताण असला की तो मागून थोडा टकला दिसायचा.

त्याच सुमारास पलीकडच्या डोंगरावरच्या जंगलाला 'आदर्श भूमी-संवर्धन' अशी पाटी मिळाली. तुळाजीरावाने ती स्वतः जाऊन पाहिली. तीन वेळा पाहिली. मग परत येऊन त्याने सभा बोलावली.

"आपल्यालाही जमिनीचं आणि मूळच्या प्राण्यांचं रक्षण करायचं आहे," तो म्हणाला. "कसं करायचं ते सांगा."

एका डुकराने 'आपण सगळीकडे खणू या' असं सुचवलं, पण ते त्याने मागच्या सभेतही सुचवलं होतं.

तेवढ्यात ओहोळाच्या काठावर एक दमलेला पक्षी उतरला.

ती तुतवार होती. पाठ तपकिरी, पोट पांढरं, आणि आकार मुठीएवढा. दर हिवाळ्यात ती दुसरीकडेच कुठेतरी जायची, पण या वर्षी वाऱ्याने तिची वाट चुकवली होती. ती आली होती फार लांबून, पश्चिमेकडच्या एका धुक्याच्या बेटावरून. तिथली म्हातारी माणसं गेलिक नावाची भाषा बोलतात. तिचं नाव होतं मोराग.

"मोर?" तुळाजीराव म्हणाला. "पण तू मोर दिसत नाहीस."

"मोराग," ती म्हणाली.

"असो. मोराबाई, बसा."

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, मुलांनो. तुतवारीची शेपटी सारखी खालीवर होत असते. ती बसली तरी होते, रागावली तरी होते. त्यात तिचा काही दोष नाही. पण त्या जंगलात कुणी तुतवार पाहिली नव्हती, आणि सगळ्यांना वाटलं की ही बाई प्रत्येक गोष्टीला 'हो' म्हणते आहे. सभेला असं माणूस फार आवडतं.

"तुमच्याकडे जमीन कशी राखतात?" केरोपंताने विचारलं.

मोराबाई दोन घोट पाणी प्यायली आणि तिने सांगितलं. "आमच्याकडे माळावर एक काटेरी झाड असतं. त्याला वसंतात पांढरी फुलं येतात. त्याच्याखाली ते राहतात."

"ते म्हणजे कोण?"

"नाव घेत नाहीत त्यांचं. राग येतो त्यांना. आम्ही नुसतं 'भली माणसं' म्हणतो. चणीने लहान असतात. जमिनीच्या पोटात त्यांची घरं असतात. त्या झाडाची फांदी मोडली की गाईचं दूध आटतं, लोणी निघत नाही, चालणाऱ्याला ओळखीच्या शेतात वाट सापडत नाही. म्हणून शेतकरी नांगर वळवून नेतात, पण त्या झाडाला हात लावत नाहीत."

सभेत कुजबुज झाली.

"आणि म्हाताऱ्या बायका ससा होऊन दुसऱ्यांच्या गाईचं दूध पिऊन जातात, असंही म्हणतात," मोराबाई म्हणाली.

पुढच्या रांगेतल्या सशाने दोन्ही कान डोळ्यांवर ओढून घेतले. सगळे त्याच्याकडे बघत होते.

तेव्हा वरच्या फांदीवरून आवाज आला. "महाराज, आपल्या राईतही राखणदार आहे की! पांढऱ्या घोड्यावरून फिरतो. राईतलं लाकूड नेलं तर नेणाऱ्याला चकवा लागतो. माझी आजी सांगायची."

ही होती सगुणाबाई शेकरू. शेकरू म्हणजे मोठी खार, मांजराएवढी, पाठ तांबूस आणि शेपटी अंगापेक्षा लांब. जंगलाच्या मधोमध अठ्ठेचाळीस झाडांची जुनी राई होती. उंबर, जांभूळ, हिरडा, सातवीण, सगळ्यांच्या फांद्या एकमेकांत गुंतलेल्या. त्यांच्या मधल्या उंच किंजळावर सगुणाबाईचं घरटं होतं आणि घरट्यात तिची ठमी होती, अजून अंगावर पिणारी. सगुणाबाईचे पाय जमिनीला कधी लागले नव्हते. तिच्या आईचेही लागले नव्हते. त्या घराण्यात कुणी चालत नसे. इकडच्या झाडावरून तिकडच्या झाडावर उडी, एवढाच त्यांचा प्रवास.

केरोपंत हसला. "सगुणाबाई, राखणदार ही अंधश्रद्धा आहे. मोराबाई सांगतायत ती लोकपरंपरा."

"दोन्हीत फरक काय?"

"ती समुद्रापलीकडची आहे," केरोपंत म्हणाला, आणि सभेने टाळ्या वाजवल्या.

तुळाजीराव उभा राहिला. त्याचं उपरणं घसरलं, ते त्याने सावरलं. "ठरलं. आपणही भल्या माणसांचं झाड करायचं. मोराबाई, ते झाड नेमकं कसं असतं?"

"एकटं असतं," मोराबाई म्हणाली. "आजूबाजूला दुसरं झाड नसतं."

झालं. एकटं झाड शोधायला चौफेर पथकं गेली. दोन दिवस फिरली. पण ते जंगल होतं ना! जिथे झाड दिसे तिथे शेजारी दुसरं असेच. वानरांना कातळावर एक एकटं झाड सापडलं, त्यांनी मोठा आरडाओरडा केला, पण जवळ गेल्यावर ते सांबर निघालं.

तुळाजीरावाचं तोंड उतरलं. तेव्हा केरोपंत म्हणाला, "महाराज, एकटं झाड मिळत नसेल तर तयार करता येईल. राईत अठ्ठेचाळीस झाडं आहेत. त्यांतली सत्तेचाळीस काढली की एक उरतं."

सगळ्यांनी मनातल्या मनात वजाबाकी करून पाहिली. बरोबर येत होती.

"अहो, नको!" मोराबाई ओरडली. "आमच्याकडे कुणी झाडाला एकटं करत नाही. आहे ते तोडत नाहीत, एवढंच. दुसरं काही करत नाहीत!"

"काही करत नाहीत, असं योजनेत कसं लिहिणार?" केरोपंत म्हणाला. त्याने एक काटा उपटला आणि मोराबाईच्या शेपटीकडे बघत लिहिलं, 'तज्ज्ञ बाईंनी सलग एकोणीस वेळा संमती दिली.'

एकटं ठेवायचं झाड म्हणून किंजळ निवडलं गेलं, कारण ते बरोबर मध्यावर होतं. सगुणाबाईचा रानफुलांचा हार घालून सत्कार झाला. तिला 'मुख्य लाभार्थी' म्हणून जाहीर केलं.

"पण मी चालत नाही हो," ती म्हणाली. "उडी मारते. पुढचं झाडच नसेल तर उडी कशावर मारू? आणि खाऊ काय? किंजळाला खाण्यासारखं काही लागत नाही. मी खाते उंबर!"

"अर्ज करा," केरोपंत म्हणाला.

तिने पानावर दात उमटवून अर्ज केला. संध्याकाळच्या आत उत्तर आलं. लाभार्थ्याने तक्रार करण्याची सोय योजनेत नव्हती.

दुसऱ्या दिवशी अंबादास आला. हा दक्षिणेकडून आलेला हत्ती. स्वभावाने गरीब. त्याला झाडं ढकलायला आवडायचं, पण कशासाठी ढकलायची हे विचारायचं त्याला सुचत नसे. केरोपंताने त्याला सांगितलं की आधी किंजळाभोवती गोल रिंगण मोकळं कर, म्हणजे महाराजांना झाड लवकर एकटं दिसेल. अंबादासने दुपारपर्यंत अकरा झाडं पाडली. त्यांत सगुणाबाईच्या घरासमोरचं उंबराचं झाडही होतं. ते पडलं तेव्हा त्याच्यावरच्या फळांचा सडा पार ओहोळापर्यंत गेला. अंबादासने ती फळं मन लावून खाल्ली आणि म्हणाला, "गोड आहेत."

मग तो दमला म्हणून काम तीन दिवस थांबलं.

ते तीन दिवस सगुणाबाई किंजळावर अडकून होती. सगळ्यात जवळचं झाड होतं हिरड्याचं, आणि ते तिच्या सगळ्यात लांब उडीच्या तिप्पट लांब होतं. पहिल्या दिवशी तिने साल कुरतडली. दुसऱ्या दिवशी तिने सत्काराचा हार खाल्ला. तिसऱ्या दिवशी ठमी तिच्या पोटाशी तोंड लावून बराच वेळ ओढत राहिली आणि मग रडायला लागली. दूध आटत चाललं होतं.

सगुणाबाई खोडावरून खाली उतरायला लागली. तिच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं ते करायचं तिने ठरवलं. जमीन वीतभर राहिली तेव्हा तिला खाली पिवळ्या अंगाचं काहीतरी दिसलं. तुळाजीराव उन्हात पडला होता. उपरणं काढलेलं होतं. सभेबाहेर कुणाला खाल्लं तर ते राज्यकारभारात धरत नसत.

"या, या, सगुणाबाई," तो जिभेने ओठ पुसत म्हणाला. "तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं."

ती इतक्या वेगाने वर गेली की तिला स्वतःलाच ते घरट्यात पोचल्यावर कळलं. ठमीला कुशीत घेऊन ती नुसती बसून राहिली.

थोड्या वेळाने मोराबाई उडत आली. चोचीत ओहोळातली एक छोटी गोगलगाय होती.

"खा," ती म्हणाली. "माझ्यामुळे झालं सगळं."

सगुणाबाईने डोळे मिटून गोगलगाय गिळली. "तुमच्या शेपटीमुळे झालं."

"ती माझं ऐकत नाही हो."

"दिसतंय ते." सगुणाबाईने मिश्या पुसल्या. मग म्हणाली, "मोराबाई, ती भली माणसं कोणती भाषा बोलतात?"

"गेलिक."

"इथे ती कुणाला येते?"

"मला."

"आणखी कुणाला?"

"कुणालाच नाही. का?"

"उद्या सकाळी उद्घाटन आहे," सगुणाबाई म्हणाली. "तेव्हा माझ्या अंगात येणार आहे."

मोराबाईला अंगात येणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. समजल्यावर ती घाबरली. "पण ते खोटं होईल. मी आजवर कधी खोटं बोलले नाही."

घरट्यातून ठमीचा बारीक रडण्याचा आवाज आला. मोराबाईने तिकडे पाहिलं आणि तिची शेपटी खालीवर झाली. या वेळी तो खरंच होकार होता.

सकाळी सगळे जमले. तुळाजीरावाने नवं उपरणं घेतलं होतं. केरोपंताने पाटी आणली होती. अंबादास उरलेली झाडं पाडायला सज्ज होता. तुळाजीरावाने घसा खाकरला, आणि तेवढ्यात वरून आवाज आला.

"कट्! कट् कट् कट्! कटाटाटाट्!"

सगुणाबाई फांदीवर घुमत होती. केस पिंजारलेले, शेपटी गरगर फिरत होती, डोळे पांढरे.

"अंगात आलं!" एक म्हातारी वानरीण ओरडली आणि तिने हात जोडले.

"कोण आलंय अंगात?" तुळाजीरावाने विचारलं. "आपला राखणदार असेल तर सांगा, सभा आटपल्यावर भेटू."

"थांबा," मोराबाई पुढे आली. "ही गेलिक आहे."

सगळे एकदम उभे राहिले. तुळाजीरावाने उपरणं काढून हातात घेतलं.

"काय म्हणतायत?" केरोपंताने विचारलं.

"ते म्हणतायत..." मोराबाईने इकडेतिकडे पाहिलं. "ते म्हणतायत की त्यांना... जरा बरं वाटत नाहीये."

सगुणाबाईने वरून तिच्याकडे असं पाहिलं की बस. "कटाटाटाट्! कट्!"

"रागावलेत!" मोराबाई पटकन म्हणाली. "फार रागावलेत. इतकं लांबून आम्ही राहायला आलो, आणि तुम्ही आमची वाट मोडलीत!"

"कसली वाट?"

"भली माणसं जमिनीवरून जात नाहीत. सावलीतून जातात. या झाडाच्या सावलीतून त्या झाडाच्या सावलीत. ही सगळी राई म्हणजे त्यांची वाट!"

केरोपंताने डोळे बारीक केले. तो चिटणीस होता, सहज विश्वास ठेवणं त्याला परवडत नसे. "ही गेलिकच कशावरून? विचारा त्यांना, उंबराला गेलिकमध्ये काय म्हणतात."

सगुणाबाई घुमायची थांबली. तिला कुठून येणार उत्तर? तिची नजर आपोआप पाडलेल्या उंबराकडे गेली आणि तिच्या डोळ्यांतून खळकन पाणी आलं. तीन दिवसांची भूक होती ती. त्यात खोटं काही नव्हतं.

मोराबाईने ते पाहिलं.

"त्या बेटावर उंबर नसतं," ती हळू आवाजात म्हणाली. "गेलिकमध्ये त्याला शब्दच नाही. म्हणून रडतायत ते. म्हणतायत, ज्याला आमच्याकडे नाव नव्हतं ते आम्हाला इथे मिळालं होतं, आणि तुम्ही ते पाडलंत."

म्हातारी वानरीण हुंदके द्यायला लागली. ससाही रडला. केरोपंताने हे लिहून घ्यायला काटा उपटला.

"लिहू नका!" मोराबाई ओरडली. आता तिला चांगलाच सूर सापडला होता. "त्यांचं बोलणं जो लिहितो त्याचे काटे पुन्हा उगवत नाहीत!"

केरोपंताने काटा होता तिथे परत खोचायचा प्रयत्न केला.

"आणि झाडं पाडणाऱ्याचं काय होतं?" अंबादासने भीत भीत विचारलं.

"सोंड आखूड होते."

अंबादासने सोंड लांब करून गुडघ्याला लावून पाहिली. "कालपासून आखूडच वाटतेय," तो रडवेला होऊन म्हणाला.

तुळाजीराव मात्र उदास झाला. "म्हणजे योजना रद्द?" त्याचा आवाज अगदी बिबट्याचा झाला होता.

सगुणाबाईने वरून त्याचं तोंड पाहिलं. रद्द म्हटलं तर हा पुढच्या महिन्यात दुसरी योजना काढणार, हे तिला कळलं. तिने एक छोटा, गोड 'कट्' काढला.

मोराबाईने वर पाहिलं. मग म्हणाली, "रद्द नाही, महाराज. पूर्ण झाली! भली माणसं आली ना राहायला? आता या सदतीस झाडांना कुणी हात लावायचा नाही, म्हणजे योजना कायमची चालू राहील. आणि ओहोळात कुणी लोळायचं नाही."

हे ओहोळाचं सगुणाबाईने म्हटलंच नव्हतं. ते मोराबाईने आपल्या मनाने घातलं.

तुळाजीरावाचा चेहरा उजळला. केरोपंताने भीती विसरून पाटीवर ताबडतोब लिहिलं, 'तुळाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत सदतीस झाडांची निर्मिती.'

"कट् कट्! कट्!" वरून पुन्हा आवाज आला.

"वाटेत खंड पडलाय, तो भरा, म्हणतायत," मोराबाई म्हणाली. "लगेच!"

अंबादास धावत गेला. पाडलेल्या झाडांतलं सगळ्यात लांब सातविणीचं खोड त्याने सोंडेने उचललं, एक टोक किंजळाच्या बेचक्यात टेकवलं, आणि दुसरं टोक हिरड्याच्या बाजूला उंच धरून उभा राहिला. सगुणाबाईने ठमीला तोंडात धरलं. तोंडात ठमी असल्यामुळे गेलिक आपोआप बंद पडलं.

ती त्या खोडावरून पळाली. खोड हलत होतं, कारण अंबादासचे पाय लटपटत होते. टोकाला पोचल्यावर तिला दिसलं की हिरडा अजून लांब आहे. एरवी ती उडी तिने हसत मारली असती. पण आज पोटात एक गोगलगाय आणि एक हार, एवढंच होतं. तिने मागे पाहिलं नाही. खालीही पाहिलं नाही. उडी मारली.

पुढचे पंजे हिरड्याच्या डहाळीला लागले, डहाळी वाकत वाकत पार खाली गेली आणि सगुणाबाई लोंबकळत राहिली. ठमी तोंडात गप्प होती. मग डहाळी हळूहळू वर आली. सगुणाबाई फांदीवर चढली, तिथून पुढच्या झाडावर गेली, तिथून त्याच्या पुढच्या. चौथं झाड उंबराचं होतं.

तिने ठमीला बेचक्यात ठेवलं आणि एक पिकलं उंबर तोडलं. पण ते तिने लगेच खाल्लंच नाही. नुसतं दोन्ही हातांत धरून बसली.

खाली कुणाचंच लक्ष नव्हतं. तुळाजीरावाचं भाषण चालू होतं.

थोड्या वेळाने मोराबाई तिच्या शेजारी येऊन बसली. "सगुणाबाई," ती म्हणाली, "मी आज फार खोटं बोलले."

"हो."

"पण उंबराला आमच्याकडे शब्द नाही, ते मात्र खरं होतं."

सगुणाबाईने हातातलं उंबर मोडून अर्धं तिच्यापुढे केलं. मोराबाईने चोच लावली. चव घेऊन ती बराच वेळ विचार करत राहिली, आणि मग तिने घशातल्या घशात एक नवाच शब्द काढला. तो गेलिक होता की नाही, ते मला ठाऊक नाही.

तात्पर्य, म्हणजे झोपण्यापूर्वी पाठ करायचं ते: मुलांनो, खोटं कधीही बोलू नये. अगदीच बोलावं लागलं तर समोरच्याला न येणाऱ्या भाषेत बोलावं, आणि दुभाषी आपल्या ओळखीचा असावा. खरं बोलायची हौस असेल तर अर्ज करावा.